न वाचता केलेली सही

लोहाऱ्यात मी मुलांचा दवाखाना सुरू केला त्याला आता बरीच वर्षं झाली. एकटीचाच दवाखाना. दोन खोल्या, चार खाटा, लशींचा फ्रीज आणि बाहेरच्या बाकांवर लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या बाया. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात कागदपत्रं बघायला वेगळी माणसं असतात. इथं मुलं तपासणारी मी आणि सरकारी कागदांना उत्तरं देणारीही मीच. लशींच्या वेळापत्रकातला बदल, दवाखान्यातल्या कचऱ्याची नवी वही, नोंदणीचं नूतनीकरण, अमुक आजार दिसला की त्याच दिवशी कळवा, अमुक औषध लहान मुलांना देणं बंद करा. आठवड्याला पाच-सहा तरी कागद यायचे. काही मोबाईलवर, काही मेलवर, काही तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातून शिपायाच्या हाती.

माझ्याकडं पहिल्यापासून एकच सिस्टर आहेत, मूळच्या बेंबळीच्या. मोबाईलवरचं मी काही वाचत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनीच रीत पाडली. आलेलं परिपत्रक छापून आणायचं, माझ्यापुढं ठेवायचं, वर माझ्याकडून 'वाचलं' असं लिहून सही घ्यायची आणि फाईलला लावायचं. रीत चांगली होती, मीच ती बिघडवली. एका मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप धरलेला असताना मी दुसऱ्या हातानं सही करून मोकळी व्हायचे.

"मॅडम, एवढं जरा बघा," असं त्या अधूनमधून म्हणायच्या.

"बघते हो. ठेवा तिथं."

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. तापाची साथ जोरात होती, बाकांवर जागा पुरत नव्हती. अशा एका सकाळी जीपनं अर्ध्या तासावरच्या एका वस्तीवरून एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नवरा मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं गेलेला. कडेवर दोन वर्षांचा धाकटा, हाताशी ही मुलगी. नुकतीच पहिलीत गेलेली, बोलकी.

"काय होतंय हिला?"

"घसा दुखतोय म्हनती. दोन दिस झालं, काय खाईना. कणकण हाय अंगात."

मी मुलीला आ करायला सांगितलं. तिनं आधी हिरडीवरची मोकळी जागा बोटानं दाखवली. "माझा दात पडला," म्हणाली. मग आ केला.

उजव्या टॉन्सिलवर पांढरट-करडा थर होता. तो मला दिसला होता. पुढं किती वेळा मी स्वतःला विचारलं, की दिसला होता का नीट? दिसला होता. पण त्या आठवड्यात सुजलेले घसे मी रोजच बघत होते, आणि हाही त्यातलाच धरला. लशींचं कार्ड विचारलं नाही. पाच दिवसांचं औषध लिहून दिलं, कोमट पाणी द्या म्हटलं, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा मुलगी चालत नव्हती. आईनं तिला खांद्यावर टाकून आणलं होतं. मान दोन्ही बाजूंनी सुजून जबड्याच्या रेषेत मिसळली होती. नाकातून रक्ताळ पाणी येत होतं, आवाज बसला होता. तोंड उघडलं आणि वास आला. थर आता दोन्ही टॉन्सिलवरून पडजिभेपर्यंत पसरला होता. चमच्याची कड लावली तर रक्त आलं. तेव्हा कुठं मला आजाराचं नाव आठवलं. घटसर्प. शिकत असताना एकदाच पाहिलेला.

"हिच्या लशी सगळ्या झाल्यात का?"

"तान्ही व्हती तवा समद्या झाल्या. दीड वर्साची झाली तवा आमी मेंढरामागं गेलतो, तवाची ऱ्हायली. औंदा शाळंत टोचाया आले, तर हिला ताप व्हता."

मी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला, संशय सांगितला, गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत मुलगी माझ्या टेबलावर शांत पडून होती. तिची नाडी मला ठीक वाटली नाही. मध्येच ठोका चुकत होता. आईनं विचारलं, "बरी हुईल न्हवं?" मी म्हटलं, "तिथं यावरचं इंजेक्शन आहे. लवकर निघा."

सोलापुरात इंजेक्शन लगेच मिळालं. पण या आजाराचं विष एकदा हृदयात भिनलं, की नंतर दिलेलं इंजेक्शन ते उतरवू शकत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिथल्या एका तरुण डॉक्टरणीचा फोन आला. "मॅडम, तुमची पेशंट गेली. हृदय थांबलं." माझ्यासमोर एक तान्हं बाळ वजनकाट्यावर रडत होतं. मी त्याचं वजन लिहून घेतलं, आईला लशीची पुढची तारीख सांगितली. मग आतल्या खोलीत जाऊन बसले.

सिस्टर मागून आल्या. हातात फाईल होती. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. मुलगी आली त्याच्या आठवडाभर आधी तालुक्याच्या कार्यालयातून आलेलं परिपत्रक. जिल्ह्यात घटसर्पाचे संशयित रुग्ण आढळलेत. ताप आणि घशात करडा पापुद्रा दिसल्यास त्याच दिवशी घशातला नमुना घ्यावा, कळवावं, निकालाची वाट न बघता रुग्णाला पुढं पाठवावं. बूस्टर राहिलेल्या मुलांकडं विशेष लक्ष द्यावं. वर माझ्याच अक्षरात 'वाचलं' आणि खाली माझी सही.

दुपारी तालुक्याचे आरोग्य अधिकारी चौकशीला येणार होते. सिस्टर दाराकडं बघत हळू म्हणाल्या, "मॅडम, हे पान काढून ठेवू का?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. सिस्टरांनी पान फाईलीतून सोडवायलाही घेतलं. मग मी म्हटलं, "राहू द्या. लावा परत."

अधिकारी वयानं माझ्यापेक्षा खूप लहान होते. त्यांनी पान वाचलं, माझ्याकडं बघितलं.

"वाचलं होतं?"

"नाही. सही केली होती."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. पुढं वरून एक खुलासा मागवणारं पत्र आलं, मी खुलासा दिला, आणि प्रकरण तिथं संपलं. मला काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं त्या वस्तीवर गेली. सगळ्या मुलांच्या घशांचे नमुने घ्यायचे होते, औषध द्यायचं होतं, राहिलेल्या लशी टोचायच्या होत्या. मी आणि सिस्टर त्यांच्याबरोबर गेलो. जाऊ नका असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. मुलीचा बाप रात्रभर प्रवास करून परतला होता आणि दारात उकिडवा बसून होता. आई आतून धाकट्याला घेऊन आली. माझ्यासमोर बसली आणि सरळ विचारलं, "मॅडम, पयल्या दिशीच कळलं असतं तर वाचली असती का ओ?"

बरोबरचे कर्मचारी हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायला लागले.

"वाचायची आशा खूप जास्त होती," मी म्हटलं. "मला कळायला पाहिजे होतं. असा आजार आलाय, असा कागद माझ्याकडं आधीच आला होता. मी तो वाचला नव्हता."

"कागद आलता?" बापानं विचारलं.

"व्हय. आला होता."

मी त्यांच्यासारखं 'व्हय' कसं म्हणाले मला कळलं नाही. तो उठला आणि मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला. मला वाटलं होतं तो ओरडेल, अंगावर येईल. त्याची तयारी करून गेले होते मी. आईनं धाकट्याचं डोकं घट्ट धरलं, त्याचा जबडा स्वतःच्या बोटांनी उघडला आणि म्हणाली, "बघा. नीट बघा." मी बघितलं. घसा साफ होता. सिस्टरांनी नमुना घेतला, लस टोचली. पोरगं रडलं तेव्हा आईही रडायला लागली, आणि आम्ही पुढच्या घराकडं गेलो.

त्या वस्तीवरची मुलं आता माझ्याकडं येत नाहीत. मागच्या महिन्यात बसस्थानकाजवळ ती बाई मला दिसली. धाकटा तिचं बोट धरून उभा होता, चांगला उंच झालाय. तिनंही मला बघितलं. नमस्कार केला नाही, तोंडही फिरवलं नाही. उमरग्याची जीप आली, तिनं पोराला आधी आत चढवलं, मग स्वतः चढली.