आडव्या इंजिनाची माणसं

हिवाळ्यात कॅनडातल्या आमच्या मिल्टनमध्ये कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की दारात बुटांचा ढीग पडतो. कोण कुणाचे बूट घालून घरी गेलं, ते दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळतं. किस्स्यांचंही तसंच! माझा किस्सा प्रशांत स्वतःचा म्हणून खपवतो, प्रशांतचा माझा नवरा सांगतो. म्हटलं, एकदा ज्याचे त्याला जोड लावून ठेवावेत.

आमची तीन घरं. शरदकाका आणि नलूकाकू. काका सत्तरच्या दशकात इथे आलेले, रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनियर. नागपूरचे प्रशांत आणि सुजाता. तो आयटीत, ती हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स. आणि आम्ही, मी, मंदार आणि आमची मुलगी ईरा. तिन्ही घरांत एकाच जपानी कंपनीची एकच गाडी. ऑल-व्हील-ड्राइव्ह, बॉक्सर इंजिन! कंपनीचं नाव मी घेणार नाही. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही, असा काकूंचा नियम आहे.

फरक फक्त पिढीचा. काकांकडे अगदी पहिली, म्हणजे चाकांवरचा चौकोनी डबा. प्रशांतकडे दुसऱ्या पिढीतली टर्बो, बॉनेटवर हवा घ्यायला ही एवढी मोठी नाकपुडी. आमच्याकडे पाचवी. ती फार शहाणी आहे. कळेलच!

* * *

गणपतीचा कार्यक्रम, कम्युनिटी सेंटरचा हॉल. आरती झालेली, जेवणाला वेळ. नवीन आलेल्या एका जोडप्यानं विचारलं, "काका, बॉक्सर इंजिन म्हणजे काय हो?"

झालं! काकांनी कोपऱ्यातला झाडू आणून जमिनीवर ठेवला. "हा क्रँकशाफ्ट." मग चार पुरुष निवडले. दोघांना झाडूच्या या बाजूला उताणं झोपवलं, दोघांना त्या बाजूला. सगळ्यांचे पाय झाडूकडे.

"इतरांच्या गाडीत पिस्टन उभे नाचतात. आपले आडवे पडून समोरासमोर ठोसे मारतात! वजन खाली राहतं, म्हणून गाडी वळणावर डुलत नाही. चला, पहिली जोडी, पाय पोटाशी! दुसरी जोडी, पाय लांब! आता उलट!"

सिल्कच्या झब्ब्यात मंदार, त्याच्यासमोर प्रशांत, शेजारी दोन डॉक्टर. चौघं घामाघूम. बायका व्हिडिओ काढतायत. तेवढ्यात हॉलचा केअरटेकर दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "माझ्या पाठीला फार त्रास आहे. हा क्लास जॉइन करता येईल का?"

काका म्हणाले, "पाच सिलिंडरचा बॉक्सर होत नाही. सहाचा होतो. अजून एक माणूस घेऊन ये!"

* * *

काकांच्या त्या पहिल्या पिढीच्या गाडीला दाराच्या काचेभोवती चौकटच नाही. दार उघडलं की नुसती काच उभी! दिसायला झकास. पण उणे वीसमध्ये ती काच रबराला अशी चिकटते की दार उघडता उघडत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडे. काकूंना सोडून काका जवळच्या दुकानातून दूध आणायला जाणार होते. आमच्या ड्राइव्हवेत गाडी थांबली आणि काकूंचं दार काही उघडेना. काका बाहेरून ओढतायत, काकू आतून खांद्यानं ढकलतायत. काकांनी उतरून लावलेलं त्यांचं दारही चिकटून बसलेलं, मागची दोन्हीही. मी कोमट पाणी घेऊन धावले, तर काका ओरडले, "पाणी नको! काच तडकेल!"

मग मागचा मोठा दरवाजा वर गेला आणि त्यातून एकेक वस्तू बाहेर आली. आधी तिळगुळाचा डबा. मग वाणाची पिशवी. मग हिरव्या पैठणीत, वर थंडीचा जाड पार्का घातलेल्या, सीटवरून रांगत रांगत, साक्षात नलूकाकू!

पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लग्नानंतर माप ओलांडून घरात आले होते. डिकी ओलांडून पहिल्यांदाच!"

* * *

प्रशांतचा कॅनडातला दुसरा हिवाळा. टर्बो नुकतीच घेतलेली. सगळे सांगत होते, विंटर टायर्स लाव बाबा. हा म्हणे, "काऊन लावू? चारही चाकं फिरतात ना! ऑल-व्हील-ड्राइव्ह हाय!"

शनिवारी दुपारी काकांकडे जेवण होतं. त्यांचं घर उताराच्या मध्यावर. आम्ही खिडकीत उभे. वरून टर्बो आली, ऐटीत. ब्रेक लागले, चाकं थांबली... गाडी थांबली नाही! पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, तिरकी होऊन, अगदी शांतपणे ती आमच्यासमोरून घसरत गेली. प्रशांत स्टिअरिंग धरून पुतळ्यासारखा. सुजातानं मात्र काच खाली केली, मांडीवरची पुरणपोळीची ताटली उचलून आम्हाला दाखवली आणि म्हणाली, "तुम्ही सुरू करा, आम्ही खालून येतो!"

खालच्या बर्फाच्या ढिगात गाडी हळूच नाक खुपसून थांबली. नाकपुडी बर्फानं गच्च!

काकांनी फावडं घेऊन खाली जाताना एवढंच ऐकवलं, "चार चाकं पळायला मदत करतात रे. थांबायला रबरच लागतं." सोमवारी त्यानं टायर्स लावले.

* * *

काकांचा जीव त्या इंजिनात. जुन्या गाडीचं ऑइल ते पंचवीस वर्षं स्वतःच बदलतात. आमची नवी गाडी आली तेव्हा म्हणाले, "पहिला ऑइल चेंज माझ्या हातचा!"

रॅम्पवर गाडी चढवली, पुठ्ठा अंथरला, काका खाली सरपटले. ऑइल काढलं. मग फिल्टर सापडेना. अर्धा तास नुसते पाय दिसतायत आणि आतून आवाज येतोय, "इथेच असतो! कुठे लपवला यांनी?"

ईरा बाजूला सायकल घेऊन उभी होती. उघड्या बॉनेटमध्ये वाकून म्हणाली, "काका, इज इट धिस थिंग? इट सेज ऑइल फिल्टर."

होता. वर! इंजिनच्या डोक्यावर, हात घातला की मिळेल असा!

काका बाहेर आले. केसांना ऑइल, पाठीला पुठ्ठ्याचा तुकडा. फिल्टरकडे पाहत राहिले आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "माझी कंबर गेल्यावर यांना सुचलं!"

* * *

आता आमच्या शहाण्या गाडीचं. तिच्यात एक कॅमेरा आहे, तो ड्रायव्हरचं तोंड बघतो. नजर रस्त्यावरून हटली की टुंग वाजवतो आणि पाटी दाखवतो, रस्त्याकडे लक्ष द्या.

सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. ओकव्हिलला तळ्याकाठी निघालो. त्या पुढे बसल्या आणि बोलायला लागल्या. मंदार आज्ञाधारक मुलगा, आई बोलली की तिच्याकडे बघून "हो आई" म्हणतो.

टुंग!

"काय झालं रे?"

"काही नाही आई." पुन्हा वळून. टुंग!

हायवेला लागेपर्यंत सात-आठ वेळा झालं. शेवटी ईरानं मागून सांगितलं, "आजी, द कार डझन्ट वॉन्ट हिम टू लुक अॅट यू."

सासूबाईंनी डॅशबोर्ड निरखला. मग हळूच मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी तू पसंत केलीस ना गं?"

* * *

आता शेवटचा. मागच्या फेब्रुवारीतला. बर्फ असं पडलं होतं की सकाळी दारं अर्धी गाडलेली. शाळा बंद, बस बंद. सुजाताची सकाळची ड्यूटी. प्रशांत कामासाठी हॅलिफॅक्सला, टर्बो दुरुस्तीला गॅरेजमध्ये. आमची गाडी ड्राइव्हवेत होती, पण रस्त्यावरचं बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊनं तिच्यापुढे कमरेइतकी भिंत रचलेली. सुजाताचा ग्रुपवर मेसेज आला, "डायलिसिसचे पेशंट थांबू शकत नाहीत. कुणी सोडेल का?"

काकांचं उत्तर आलं, "शूज घाल."

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काकू म्हणाल्या, "एकटे जायचं नाही, मीही येते," आणि थर्मास घेऊन बसल्या. त्यांच्या गल्लीत प्लाऊ अजून आलाच नव्हता, म्हणून भिंतही नव्हती. तो चौकोनी डबा गुडगुड करत निघाला! वाटेत मोठमोठे ट्रक कडेला रुतलेले. सुजातानं आणखी दोन नर्सेसना फोन केले, त्यांनाही कोपऱ्या-कोपऱ्यावरून उचललं. तिघींना हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. सुजाता सांगते, "काका गाडीशी बोलत होते जी! 'शाब्बास, शाब्बास,' असं."

परत येताना काकांच्याच गल्लीत शेजारचा बिल रस्त्याच्या कडेला उभा दिसला. हातात बॅग. हा बिल म्हणजे काकांचं जुनं दुखणं! काकांच्या गंजक्या गाडीनं गल्लीची शोभा जाते, अशी त्यानं नगरपालिकेकडे दोनदा तक्रार केलेली. चार वर्षं बोलणं बंद.

काकांनी गाडी थांबवली. काच खाली केली. "कुठे?"

"हॉस्पिटल. डायलिसिस. पेशंट न्यायची व्हॅन येणार नाही म्हणतात." बिलचे ओठ निळे पडले होते.

काकू उतरल्या, मागे जाऊन बसल्या. बिल पुढे बसला. काकूंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे धरला. त्यानं घेतला. रस्ताभर गुडगुडत होतं ते फक्त इंजिन.

हॉस्पिटलच्या दारात बिल उतरला. दार जपून लावलं, तरी खालचा गंजलेला पत्रा, चांगला तळहाताएवढा, निखळून बर्फात पडला. त्यानं तो उचलला. तो ओशाळला.

काका म्हणाले, "लीव्ह इट, बिल. रोजच पडतो."

बिलनं तो तुकडा उलटापालटा करून पाहिला. वरचं बर्फ अंगठ्यानं पुसलं. कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवला, चेन लावली आणि आत गेला.