अकरा नंबरच्या बसमधलं बिऱ्हाड

माझ्या कहवाखान्यात दोन पक्ष आहेत. खिडकीकडचे म्हणतात, सरकारने सगळा पैसा पूरग्रस्तांच्या घरांवर घालावा. गल्ल्याकडचे म्हणतात, घरं काय चाटायचीत, आधी बस द्या, रस्ता द्या. डोमिनोच्या सोंगट्या आपटत हा वाद रोज चालतो. एकमत होतं ते फक्त शहरातल्या नव्या ट्रॅमला शिव्या घालण्यावर, कारण ती आमच्या ऐन-लूझ गावापासून चाळीस किलोमीटर अलीकडेच संपते.

बूअलाम कुठल्याच पक्षात बसत नाही. बसणार तरी कसा? ज्या दोन गोष्टींवर भांडण, त्या दोन्ही त्याच्याकडे एकाच पत्र्याच्या डब्यात आहेत.

एकतीस वर्षं त्याने अकरा नंबरची बस चालवली, आमच्या चढावरून खाली तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत. तीन वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला आणि तासाभरात खालची आळी घेऊन गेला. चाळीस घरं. त्यात त्याचं, त्यात माझंही. पूल तुटला म्हणून बस बंद झाली. पूल झाला, पण बस काही सुरू झाली नाही. तंबू कमी पडले तेव्हा कुठल्याशा अतिशहाण्याने उभ्या बसगाड्या पूरग्रस्तांना राहायला दिल्या. बूअलामच्या वाट्याला नेमकी त्याचीच बस आली. कपाळावर अकरा, कुशीवर रंगवलेला तात्पुरत्या घराचा क्रमांक चार. मेस्सौद मास्तर शपथेवर सांगतात की राजधानीतल्या एका कागदावर ती रस्त्यावर धावते आणि दुसऱ्यावर तिच्यात माणसं राहतात, आणि खर्च दोन्हीकडे पडतो. मी कागद बघितलेला नाही. पण मास्तर खोटं कशाला बोलतील?

बाकीच्या बसगाड्या गंजल्या. याची नाही. दर शुक्रवारी नमाजाहून आला की हा गडी पलंग बाजूला सारून इंजिन सुरू करायचा, कान लावून ऐकायचा आणि बंद करायचा. बायको, झुलिखा, ओरडायची, "अरे, भांडी पडतात माझी! घर हलवणारा नवरा दिला देवाने!"

त्या झुलिखाच्या किडन्या गेल्या. शनिवार, सोमवार, बुधवार डायलिसिस. शेजारचा फारिद आपल्या पिकअपमधून तिला न्यायचा, आणायचा. चाललं होतं.

मग बातमी आली की घरांसाठी मोजणी करायला समिती येणार. आता हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही: मोजणीच्या दिवशी वस्ती सोडायची नाही. लग्न असो, मयत असो, साहेब दारात येईल तेव्हा माणूस दारात हवा. नसला तर नाव गेलं, आणि पुढची यादी कधी लागेल ते एक अल्लाच जाणे. लोक घरं मिळावीत म्हणून तीन-तीन वर्षं चिखलात बसून राहिले होते, एक दिवस कोण हलणार?

समिती आली ती सोमवारी.

सकाळी बूअलाम फारिदच्या दारात गेला. फारिद नवा शर्ट घालून उंबऱ्यावर बसलेला. "काका, जीव मागा, देतो. आज नका मागू," म्हणाला. टॅक्सीवाला तेच म्हणाला. मग तो माझ्याकडे आला. माझ्याकडे व्हॅन आहे, दुधाची. मी म्हटलं, "बूअलामभाऊ, उद्या नेऊ ना. एका दिवसाने काय होतंय?"

"तिचे पाय बघितलेस? सुजून हे एवढे झालेत," तो म्हणाला, आणि गेला.

थोड्या वेळाने इंजिनचा आवाज आला. मी दारात आलो, तर घर क्रमांक चार निघालेलं. धुण्याची दोरी तटकन तुटली, विजेची तार त्याने स्वतःच काढून खांबाला गुंडाळली होती. झुलिखा पुढच्या दाराशी पलंगावर बसून त्याला शिव्या देत होती. "घर जाईल ना रे, मुडद्या! तीन वर्षं थांबलो ना!" तो गिअर टाकत होता. खालच्या वाड्यांवर लोकांनी अकरा नंबर बघितला आणि सवयीने हात केले. यानेही सवयीने थांबवली. दवाखान्याच्या फाटकात पोचला तेव्हा आत बावीस माणसं होती, एक म्हातारी चुलीशेजारी, दोघं गाद्यांच्या ढिगावर.

इकडे साहेब चार नंबरपाशी आला. तिथे टायरच्या दोन खुणा आणि झुलिखाने जिवापाड जपलेली पुदिन्याची कुंडी.

"घर कुठंय?" त्याने विचारलं.

"दवाखान्यात गेलंय, साहेब," मी म्हटलं.

त्याला हसू आलं नाही. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तीनपर्यंत जागेवर आणा, मी लिहितो. तीनला मी निघणार."

मी फोन लावला. मशीनची पिप-पिप ऐकू येत होती. बूअलाम म्हणाला, "सुई चारला निघते." मागून झुलिखा ओरडली, "तू जा! मी येईन कुणाबरोबर तरी!" तो म्हणाला, "स्लिमान, हिला इथे टाकून रिकामं घर आणू? कुणासाठी?" आणि फोन ठेवला.

साहेबाने लिहिलं: निवास जागेवर नाही, कुटुंब अन्यत्र स्थलांतरित. यादी लागली, एकोणचाळीस नावांची. माझं होतं.

नवी घरं झकास आहेत. पाच मजले, नळाला पाणी, भिंतीला रंग. फक्त ती पलीकडच्या उजाड टेकडीवर आहेत, आणि तिथे बस जात नाही. दुकान नाही, दवाखाना सव्वीस किलोमीटर. खिडकी पक्ष आणि गल्ला पक्ष दोघंही तिथे राहायला गेले, आणि महिन्याभरात सगळेच गल्ला पक्षाचे झाले. माझ्या आईला साखरेने धरलंय, पायाची जखम भरत नाही, दर सोमवारी पट्टी बदलायला न्यावं लागतं. माझी व्हॅन त्या चढावर दोनदा बसली आणि मग कायमचीच बसली.

बूअलाम मात्र आठवड्यातून तीनदा जात होता. पहाटे बिछाने गुंडाळायचे, माणसं घ्यायची, संध्याकाळी बिछाने पसरायचे. परिवहन खात्याने फलक लावला, 'मार्ग अकरा पूर्ववत सुरू'. पगाराचं कुणी बोललं नाही.

शेवटी एका शुक्रवारी आम्ही पाच जण त्याच्याकडे गेलो. फारिदही होता, मान खाली घालून. मी खजूर घेतले होते. झुलिखा पायरीवर भाकरीचं पीठ मळत होती. "या," म्हणाली. "चपला खाली काढा."

बोलायचं काम माझ्यावर आलं. "बूअलामभाऊ, सोमवारी... आमच्या टेकडीवरून एक फेरी झाली असती तर..."

मला वाटलं, आता हा चपराक देईल. द्यायलाच हवी होती. तो हात पुसत उठला, खिडकीतून टेकडीकडे बघितलं, मनाशी रस्ता मोजला.

"साडेपाचला निघावं लागेल," म्हणाला.

"अरे, शिवी तरी दे!" मी ओरडलोच.

"तुझी आई चढेल ना पायऱ्या?" तो म्हणाला. "पुढच्या दाराने आण. तिथे पलंग आहे, आडवी होईल."

मी मान हलवली. खिशात नव्या घराची किल्ली होती, ती मी मुठीत घट्ट धरली, वाजू नये म्हणून.