खिडकीचं पाकीट

“आमच्या चाळीत माझं टपाल आधी शेजारी वाचतात, मग मी,” कुंदा परब एकदा हसत माधुरीवहिनींना म्हणाली होती. म्हणूनच रक्ताचा रिपोर्ट तिनं वहिनींच्या पत्त्यावर मागवला. वहिनींच्या मुलुंडच्या टॉवरमध्ये ती त्यांच्यासकट चार घरांचा स्वयंपाक करायची. तिथली माणसं दारं लावून राहतात, याचं तिला अप्रूप होतं.

रिपोर्ट आला तेव्हा वहिनी बँकेत होत्या. घर बंद असलं की वॉचमन पाकिटाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा: ‘किसका है?’ गेटवरचा रिवाजच तो. पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून दोन ओळी दिसत होत्या. कुंदा परब. एचआयव्ही टेस्ट.

कुंदाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं; त्याआधी सगळ्यांचीच होते ती तपासणी. पण विचारतो कोण? कुंदाला मागच्या लिफ्टनंच जायची परवानगी होती. तिचं नाव मात्र एका क्षणात सगळ्या मजल्यांवर पोचलं. संध्याकाळी दोन घरांनी ‘उद्या नको येऊस’ कळवलं. तिसऱ्या घरात तिनं मळलेली कणीक तिच्यादेखत कचऱ्यात गेली. राहिल्या वहिनी.

त्याच तिला सोसायटीच्या ऑफिसात घेऊन गेल्या. सेक्रेटरी अनिरुद्ध साने फोनवरून नजर न काढता म्हणाले, “डिलीट केला ना फोटो!”

“सगळ्यांनी बघून झाल्यावर,” वहिनी म्हणाल्या. “असं कुणाचं काही टाकता येत नाही. खासगी माहितीचा कायदा झालाय. आमच्या बँकेत त्याचं ट्रेनिंगसुद्धा झालं.”

“अहो, तो अजून पुरता लागू कुठाय? आणि तो कंपन्यांना. आपण काय, घरातलीच माणसं!” साने कुंदाकडे वळले. “मावशी, रिपोर्ट आणलायत ना? काय निघालं?”

वॉचमनकडून घेतलेलं पाकीट कुंदानं जिन्यातच फोडलं होतं. काही निघालं नव्हतं. पिशवीतल्या त्या कागदावर तिन्ही घरांतल्या चुली परत पेटणार होत्या.

“चांगला असेल तर द्या इकडे. फोटो काढून ग्रुपवर टाकतो. विषय खल्लास.”

कुंदानं वहिनींकडे पाहिलं.

“दाखव ना गं,” वहिनी हळूच म्हणाल्या. “मलाही घरी सांगायला बरं पडेल.”

सान्यांनी फोन सरसावला. कुंदाचा हात पिशवीत गेला, पाकिटावर थांबला. मग तिनं ते पाकीट कोथिंबिरीच्या जुडीखाली खोल सरकवलं, पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली.