चूक न विचारणारं कलम

“चूक ऱ्हाऊ दे बाजूला. माणसाचं काय झालं, ते सांगा.” समोरच्याकडं पाण्याचा ग्लास सरकवत मॅडम हेच म्हणायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, अपघात सांगणारा माणूस आधी चूक कुणाची ते सांगतो. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दिवसभर तेच चालायचं. मॅडम अपघाताच्या भरपाईचे दावे चालवायच्या, मी त्यांची टायपिस्ट. त्यांचा आवाज असा, की जिन्यात उभ्या माणसालाही सल्ला फुकट मिळायचा.

एकदा गारगोटीहून एक बाई आल्या. सोबत कॉलेजातली मुलगी. बाईंचे मालक मोटारसायकलवरून घरी येताना कारला धडकून वारले होते.

“आमचीच चूक हुती, मॅडम. तेच उलट्या अंगाला गेलते. सगळं गाव म्हणतंय. आता कशाचा दावा?”

“गावाला कायदा कळतोय व्हय?”

मग मॅडमनी सावकाश समजावलं. एक कलम असं आहे, की त्यात चूक कुणाची ते सिद्ध करावंच लागत नाही. गाडीच्या अपघातात माणूस गेला, एवढं पुरतं. भरपाई मात्र ठरलेली. “जास्त मागायची वाट दुसरी हाय. तिथं चूक दाखवायला लागती. ह्या वाटेनं आलासा, तर ती सोडायची. घरात बोला, मग सांगा.”

आठवड्यानं त्या सही करायला आल्या. तोवर गप्प असलेली मुलगी एकदम म्हणाली, “माझ्यामुळं झालं. लवकर या म्हणून मीच फोन केलता.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अर्ज मुलीच्या हातात दिला. “वाच. चूक कुणाची, असं कुठं लिवलंय का बघ.”

तिनं वाचला. वडिलांचं नाव, वय, गाडीचा नंबर. शेवटच्या पानावरून ती परत पहिल्या पानावर आली.

“न्हाय.”

“कोर्टबी न्हाय इचारणार. मग तू कशाला रोज सोताला इचारतीस, बाळा?”

आईनं तिला पोटाशी धरलं. मॅडमनी पुढच्या माणसाला बाहेरच थांबवलं.

दावा मंजूर झाला. मुलगी आता पेठ वडगावला शाळेत शिकवते.

मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली. आजारपणात शेवटच्या ऑफिसात आल्या, तेव्हा त्यांना टेबलापर्यंत चालवेना. दाराजवळच्या बाकावरच टेकल्या. “तू टाइप कर की. मी बसते नुसती.”

टाइप करायला काही उरलंच नव्हतं. सगळ्या फायली दुसऱ्या वकिलांकडं गेल्या होत्या. तरी मी कोरं पान उघडलं आणि सुचेल ते बडवत राहिले. त्या डोळे मिटून ती टकटक ऐकत होत्या.