जिन्यातला अंधार

"कोपरा नाही. पूर्ण फोटो," असं म्हणून काका माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवत. म्हणजे विषय संपला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घासाघीस करायला जागाच ठेवत नाहीत. इकडे उत्तरेत, अमीनाबादच्या बाजारातलं कपड्याचं दुकान मी स्वतःच्या जिभेवर उभं केलं, पण या वर्ध्याच्या म्हाताऱ्यापुढे ती चालली नाही. एका संशोधन संस्थेच्या फोटो विभागातून निवृत्त होऊन ते वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एकटेच राहत; दुकानातल्या कपड्यांचे फोटो मी त्यांच्याकडून नीट करून घेई. नमुन्यांचे फोटो काढताना लागलेली शिस्त सुटली नव्हती. उजळायचा तर सगळा फोटो उजळायचा; हवा तेवढाच भाग उजळला की ते खोटं. शिवाय एकच फोटो तीन प्रोग्रॅममध्ये उघडून बघायचे. "तिघांत एक तरी खरं बोलतो बे."

"काका, कुर्त्यावरचा एवढा डाग तेवढा..."

"धुऊन आण."

दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हा उद्घाटनाचा फोटो मोठा करून लावायचं ठरवलं. फोटोत मी, गळ्यात हार, मागे अंधार. "माझं तोंड जरा उजळा," म्हणालो, आणि सगळ्यांना सांगतो ते काकांनाही सांगितलं. त्या दिवशी अख्खा बाजार आला, फक्त सख्खा मोठा भाऊ आला नाही. सरकारी साहेबाला दुकानदार भावाची लाज! तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

काका फोटोतले गडद भाग हळूहळू वर ओढत राहिले. माझं तोंड उजळलं. मागचा जिना दिसू लागला. जिन्याच्या तळाशी एक शर्ट. मग मिठाईचा डबा धरलेले दोन हात. मग दादाचा चेहरा.

मी ताडकन उठलो. "काय चिकटवलंत हे?"

त्यांनी फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला. दादा. तिसऱ्यात. दादाच.

"काळं करा ते!"

"करतो. पण पूर्ण फोटो. तूही जाशील त्यात."

खाली रस्त्यावर येऊन दादाला फोन लावला. "आला होतास तर आत का नाही आलास?"

तो म्हणाला, "हारवाल्याशी तुझं भांडण चाललं होतं. म्हटलं, संपू दे. तेवढ्यात तू सगळ्यांसमोर ओरडलास, दादाची वाट पाहू नका, त्याला आपली लाज वाटते. मग कसा येऊ?"

"सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"तू ऐकलं असतंस?"

पुढच्या रविवारी दादाला स्कूटरवर मागे बसवून काकांकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली. "अरे भैया, आपको पता नहीं? अंकल बुधवार को गुज़र गए. बेटा आकर ले गया."

"ऐसे कैसे गुज़र गए?" मी तिच्यावरच ओरडलो. "अभी उस दिन तो..."

दादाने माझा दंड धरला. "कोण होते रे हे?"

मी कुलूप एकदा ओढून पाहिलं. दादाला मी काकांना दाखवायला आणलं होतं.