साच्यातली एक जागा

हळर्णची तेजस्विनी पेडण्यातल्या एका खाजगी डायलिसिस केंद्राचा संगणक सांभाळते. तिथला प्रोग्राम लिस्प नावाच्या जुन्या भाषेतला, डिचोलीच्या कृष्णनाथसरांनी निवृत्तीआधी लिहिलेला. रुग्णाच्या नोंदीचा साचा त्यांनी साधा ठेवला होता: आधी नाव, मग रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या औषधाचा डोस, शेकडो युनिटांत, मग वजन, किलोंत. कुठला आकडा कशाचा, हे प्रोग्राम केवळ जागेवरून ओळखायचा.

डॉक्टरांना ॲलर्जीचीही नोंद हवी होती. शनिवारी तेजस्विनीने नावानंतर लगेच एक जागा वाढवली, एक नवा रुग्ण भरून पाहिला. सगळं बरोबर दिसलं.

सोमवारी सकाळी चहात पाव बुडवताना तिचा हात थांबला. जुन्या नोंदींत ती जागा नव्हतीच! म्हणजे डोस ॲलर्जीच्या जागी सरकला, आणि डोसच्या जागी वजन आलं, तिसाच्या ठिकाणी साठ.

केंद्रातला फोन कोणी उचलेना. ती स्कूटर काढून थेट केंद्राकडे निघाली.

नवी नर्स सेजल गोकुळदासबाबांच्या खाटेशी सिरिंज घेऊन उभी होती.

"देऊ नको गो! तो डोस नव्हे, वजन आहे ते!"

सेजलचा चेहरा उतरला. "पलीकडच्या कमलमावशींना दिलं मी. आत्ताच."

डॉक्टरांनी मशीन थांबवलं, उतारा दिला. सुईच्या जागेवरून रक्त थांबेना. कापूस बदलत सेजल रडत होती. तेजस्विनी भिंतीला टेकून उभी होती. दुपारी रक्त थांबलं, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीत बसले.

तेजस्विनीने कमलमावशींना सगळं सांगितलं. "चूक माझी होती, मावशी."

सावंतवाडीकडच्या त्या बाईने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "बुधवारी परत येवचा आसा गो माका. भय वाटता."

तेजस्विनीने साचा नव्याने घडवला. आता प्रत्येक आकडा आपल्या नावाशी बांधलेला होता, जागेशी नाही. डोस नसलेली किंवा डोस मर्यादेबाहेर असलेली नोंद तयारच होत नव्हती. जुनी प्रत्येक नोंद तिने सेजलबरोबर कागदांशी ताडून पाहिली.

बुधवारी आकडा बरोबर होता. तरी तिने डॉक्टरांना बोलावून तो मोठ्याने वाचायला लावला. सेजलने सिरिंज उचलली, तशी कमलमावशींनी तेजस्विनीचं मनगट घट्ट धरलं. दोघींचेही हात गार पडले होते.