वाद जिंकले, पण सायलेन्सर कापल्यावर

मंडळी, आज कोपरीतल्या एका वेल्डरकडे सायलेन्सर कापून घेतला. गाडीचा नाही, विमानाचा. ह्यांनी निवृत्तीनंतर त्यांच्या मित्राबरोबर, म्हणजे आमच्या सुरेशभाऊजींबरोबर, दोन माणसांचं विमान स्वतः बांधायला घेतलं होतं. हे जाऊन दीड वर्ष झालं. आता भाऊजी ते उडवणार आहेत.

त्या विमानाला रोटरी इंजिन आहे. त्याचा धूर साध्या इंजिनापेक्षा फार गरम असतो. पुस्तकात वाचून मी ह्यांना म्हणायचे, आवाज दाबणाऱ्या आतल्या प्लेटा टिकणार नाहीत. हे हसायचे. "जमिनीवर इतके तास चालवलंय, काही झालंय का? तू उगाच घाबरतेस."

वेल्डरने कापलेले दोन भाग समोर ठेवले. "काकू, प्लेटा पार जळल्यात. हा तुकडा सुटलाय बघा. नळीच्या तोंडाशी अडकला असता तर वर हवेत इंजिनाचा जोरच गेला असता."

बरोबर आलेल्या भाऊजींनी तो तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, नवा कसा करायचा ते तुम्हीच सांगा."

"जाड स्टेनलेसचा. आत प्लेटा नकोत, भोकं पाडलेली सरळ नळी."

"आवाज येईल हां जास्त," वेल्डर म्हणाला.

"येऊ दे. माणूस सुखरूप खाली आला पाहिजे."

घरी आले, कुलूप उघडलं. माझं खरं निघालं होतं. हे असते तर कबूल करायचं सोडून तासभर हुज्जत घातली असती. मला आज ती हुज्जत हवी होती.

तुमचं खरं ठरतं तेव्हा तुम्ही कोणाला सांगता?